यादी बाहेर कशी गेली

सोमवार, ३ मार्च

खिळ्या,

आशीर्वाद घे, आणि हे पत्र छापखान्यात फोडू नकोस, घरी जाऊन वाच. ताई फोन उचलत नाही म्हणून आईजवळ माझ्या नावाने खडे फोडत असशील. फोन दिवसभर माझ्याजवळ नसतोच. सकाळी आत जाताना दारावरच्या शिपायाकडे जमा करायचा, संध्याकाळी घ्यायचा, असा इथला नियम आहे. संध्याकाळी खोलीवर आले की कोणाशी बोलावंसं वाटत नाही, आणि तुझ्याशी बोलायला घेतलं की भांडण ठरलेलं. त्यापेक्षा आईने आपल्या दोघांना घालून दिलेला नियम बरा, महत्त्वाचं असेल ते लिहून कळवायचं.

तर महत्त्वाचं असं, की मतदार यादी परदेशात गेल्याची जी बोंब उठली आहे, तिची शहानिशा करणाऱ्या समितीत मला घेतलं आहे. आम्ही तिघं आहोत. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, दुसरे पोलिसांच्या संगणक शाखेतले अधिकारी, आणि नोंदणी खात्याचे संगणक सांभाळण्यात केस पिकवले म्हणून मी. कामातलं काही मी सांगणार नाही, तूही खोदून विचारू नकोस.

एकच सांगते, कारण ते मी भर बैठकीत सांगून झालं आहे. दार ठोठावणं वेगळं आणि घरात शिरणं वेगळं. आमच्या सर्व्हरचं दार जगभरातून कोणी ना कोणी रोज ठोठावतं, त्याच्या नोंदी ढिगाने आहेत. आत कोणी शिरल्याची नोंद मला अजून सापडलेली नाही. पण मंत्री जाहीर सभेत ‘परकी हात’ म्हणून बसले आहेत, आणि आता त्या हाताला कोपर आणि खांदा आम्ही जोडून द्यावा, अशी वरच्यांची इच्छा दिसते.

मी अहवालाचे तीन भाग केले आहेत. आम्हाला काय माहीत आहे, काय वाटतं आणि काय माहीत नाही. हा तिसरा भाग अध्यक्षांच्या डोळ्यांत खुपतो. ते म्हणतात, माहीत नाही हे सांगायला समिती कशाला हवी?

आईला जिना चढू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, तरी सांग.

ताई

&nbsp;

शुक्रवार, ७ मार्च

ताई,

नमस्कार. घरी वाच म्हणालीस म्हणून छापखान्यातच वाचलं. घरी आई हातातून काढून घेते आणि चष्मा सापडेपर्यंत परत देत नाही.

तू काही सांगणार नाहीस म्हणतेस, पण इथे सगळ्या गावाला सगळं माहीत आहे. पेपरात त्या यादीचं जे पान छापून आलं ते आपल्याच गावचं! लोक रस्त्यात उभं राहून आपापलं नाव शोधत होते. आणि परवा नोंदणी कार्यालयातल्या ऑपरेटर मुलीला पोलिसांनी उचललं. तू तिला पाहिलं नसशील. बारीक केस कापलेली, सायकलवरून येते, बोलायला गोड. छपाईसाठी यादीचा पेनड्राइव्ह माझ्याकडे तीच घेऊन आली होती. तिची बहीण परदेशात असते. आता आणखी काय पुरावा हवा? आतून कोणी फितूर असल्याशिवाय परक्याला घर सापडत नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

पोलीस माझ्याकडेही येऊन गेले. मी सरळ तिजोरी उघडून दाखवली. पेनड्राइव्ह आल्यापासून माझ्या किल्लीखाली होता, कामगारांनासुद्धा हात लावू दिला नाही. साहेब म्हणाले, तुमच्यासारखी शिस्त सरकारी कचेरीत असती तर ही वेळ आली नसती. मी बायकोला ते दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती उठून गेली.

त्या मुलीची आई काल छापखान्यात आली होती. म्हणे, माझी पोर कशी आहे ते तुम्ही बघितलंय, एवढं पोलिसांना सांगा. गिऱ्हाईक उभं होतं, सगळे बघत होते. मी तिला पायऱ्यांपर्यंत पोचवून आलो. पोचवून कसला, घालवूनच दिली. देशाशी बेइमानी करणाऱ्यांची बाजू मी घेऊ? तूच सांग.

आई जिना चढतेच आहे.

खिळ्या

&nbsp;

मंगळवार, ११ मार्च

खिळ्या,

त्या मुलीबद्दल चारचौघांत बोलणं आधी बंद कर. तिच्यावर काही सिद्ध झालेलं नाही. बहीण परदेशात असणं हा गुन्हा असेल तर निम्म्या गावाला आत टाकावं लागेल.

एक काम आहे. समितीतल्या दोघांनाही छपाईतलं काही कळत नाही, आणि ते मला त्यांना समजावून द्यायचं आहे. नोंदणी कार्यालयाची फाइल तुझ्याकडे आली, की तिची छापील यादी होईपर्यंत तू काय काय करतोस, ते सगळं क्रमाने लिही. कोणत्या संगणकावर उघडतोस, पुढे काय होतं, अगदी बारीकसारीकसुद्धा. जसं आहे तसं लिही, शोभून दिसेल असं नको.

लवकर पाठव.

ताई

&nbsp;

शनिवार, १५ मार्च

ताई,

म्हणजे शेवटी समितीला खिळ्याची गरज पडली! बाबांच्या हाताखाली छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता हे नाव पडलं, तेव्हा तू सगळ्यात मोठ्याने हसायचीस. आता ऐक.

पेनड्राइव्ह आला की सही करून घ्यायचा आणि मागच्या खोलीतल्या संगणकाला मीच लावायचा. फाइल उघडली की पहिली कटकट सुरू होते. कार्यालयाची अक्षरं नव्या पद्धतीची, आणि माझं मशीन बाबांच्या पश्चात घेतलेलं, त्याला जुने फॉन्ट लागतात. नव्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात. मागच्या निवडणुकीला माझा माणूस एकेक नाव हाताने दुरुस्त करत होता, छपाईला उशीर झाला आणि दंड बसला. यंदा मी डोकं लढवलं. इंटरनेटवर एक साइट आहे, अक्षरं बदलून देते, आणि तीही फुकट! फाइल वर टाकायची, चहा प्यायचा, तोवर बदललेली फाइल तयार. एकही जोडाक्षर तुटत नाही. सगळे प्रभाग मी एका बैठकीत उरकले. शेजारच्या गावचा छापखाना अजून चौकोन निस्तरतोय, आणि माझ्या याद्या मुदतीआधी पोचल्या.

पुढे पानं लावायची, प्रूफ काढायचं, कार्यालयाची सही घ्यायची आणि छापायचं. काम संपलं की पेनड्राइव्ह तिजोरीत. करारात अट आहे ना, फाइल छापखान्याबाहेर जाता कामा नये. ती मी काटेकोर पाळली. समितीला हे जरूर सांग. जमलं तर नावासकट सांग.

खिळ्या

&nbsp;

बुधवार, १९ मार्च

खिळ्या,

दार लावून घे आणि बसून वाच.

यादीची प्रत खात्याबाहेर कोणालाही दिली, की तिच्यात आम्ही एक मतदार घुसवतो, जो जगात नाही. नाव, वय, पत्ता सगळं बनावट, आणि प्रत्येक प्रतीत माणूस वेगळा. मतदानाआधी त्याचं नाव वगळलं जातं. प्रत कुठे भलतीकडे सापडली, तर आधी हा माणूस शोधायचा, म्हणजे ती कोणाला दिलेली होती ते कळतं. आम्ही त्याला खुणेचा मतदार म्हणतो.

परदेशात सापडलेल्या यादीत एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांच्या पत्त्यावर गेलास तर तुला गावची पाण्याची टाकी दिसेल. त्यांना मीच जन्माला घातलं होतं, तुमच्या गावच्या छपाईच्या प्रतीसाठी. ती प्रत दोनच माणसांच्या हातांतून गेली, त्या मुलीच्या आणि तुझ्या. पोलिसांनी तुझी तिजोरी पाहिली आणि तिला धरलं.

हे मला तुला प्रश्न विचारण्याआधीच माहीत होतं. समितीला समजावायचं आहे, हे मी अर्धंच खरं सांगितलं. मला वाटत होतं, तुझं उत्तर येईल आणि माझा जीव भांड्यात पडेल.

तू ज्या साइटवर फाइल टाकलीस, तिचे संगणक यादी सापडली त्याच देशात आहेत. टाकलेली प्रत्येक फाइल ते ठेवून घेतात, आणि ज्या फोल्डरमध्ये ठेवतात त्याला कुलूपच नव्हतं. पेपरात पान छापणाऱ्या पत्रकाराला यादी तिथेच सापडली. पेनड्राइव्ह तू तिजोरीत ठेवलास, आणि त्यातलं सगळं स्वतःच्या हाताने बाहेर पाठवून दिलंस. कोणी शिरलं नाही, कोणी फितूर झालं नाही. खिळ्या, ते तू केलंस.

तुला कळत नव्हतं, हे मला माहीत आहे. पोलीस ठाण्यात जा आणि हेच सांग. तुझं पत्र मी अजून कोणाला दाखवलेलं नाही. तू आपण होऊन गेलास तर दाखवावंही लागणार नाही.

ताई

&nbsp;

शनिवार, २२ मार्च

ताई,

बहीण आहेस की पोलीस? क्रमाने लिही, बारीकसारीक लिही, आणि मी मूर्ख फुशारक्या मारत बसलो. नावासकट सांग म्हणालो! ते वाक्य आठवलं की मला तोंड लपवावंसं वाटतं.

तू सांगतेस तितकं सोपं नाही ते. करारात खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, अट मोडली तर छापखाना काळ्या यादीत आणि मालकावर खटला. एवढी बारीक अक्षरं आयुष्यभर छापली, पण सही करण्याआधी वाचली नाहीत. माझ्याकडे कामाला असलेल्यांच्या घरी काय सांगू? मशीन अजून कर्जात आहे. आई परवा विचारत होती, तू जेवत का नाहीस. मी म्हटलं दात दुखतोय.

आणि त्या मुलीने काही केलंच नाही, तर तिला सोडतीलच ना! पुरावाच नाही म्हटल्यावर किती दिवस ठेवतील? तरुण आहे, शिकलेली आहे, दुसरी नोकरी मिळेल. माझं वय काय आता नव्याने सुरू करायचं?

ते पत्र जाळ. फुकट साइट म्हणून मी लिहिलंच नव्हतं असं समज. तुझ्या पाया पडतो.

खिळ्या

&nbsp;

गुरुवार, २७ मार्च

खिळ्या,

पत्र जाळलं नाही आणि दिलंही नाही. माझ्या उशाखाली आहे. मला झोप लागत नाही, ते त्याच्यामुळे नाही, असं रोज स्वतःला सांगते.

काल तिला समितीपुढे आणलं. मी टेबलाच्या या बाजूला, ती समोर. किती लहान दिसते रे ती! पोलिसांतल्या सदस्यांनी विचारलं, छापखान्यातून फाइल गेली असेल का? ती लगेच म्हणाली, “नाही साहेब. मालक फार जपतात. माझ्यासमोर तिजोरीत ठेवला त्यांनी पेनड्राइव्ह.” मग खाली बघत म्हणाली, “माझ्याकडूनच गेली असेल. एकदा उशीर झाला म्हणून मी पेनड्राइव्ह रात्रभर घरी ठेवला होता. मी कशाला लावला नव्हता, पण काय सांगता येतं? इतके लोक म्हणताहेत म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार.”

अध्यक्षांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. म्हणजे कबुलीच झाली ती. खिळ्या, तिने न केलेला गुन्हा तिला आता स्वतःलाच खरा वाटायला लागला आहे, आणि तुला ती चांगला माणूस म्हणते. मी समोर बसून पाणी पीत होते. ‘काय माहीत आहे’ याचा भाग लिहिणारी मी, मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

तुला काय करायचं ते तू ठरव. पुढच्या आठवड्यात अहवालावर सह्या आहेत. त्यावर तिचं नाव असेल तर माझी सही नसेल, एवढं नक्की. त्याने तिचं काही भलं होणार नाही, हेही मला कळतं.

ताई

&nbsp;

मंगळवार, १ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आईने वाचलं. या वेळी चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. पदर खोचून खाली उतरली, रिक्षा केली आणि त्या मुलीच्या आईकडे जाऊन बसली. संध्याकाळी आली ती एवढंच म्हणाली, “त्या घरात कोणी दिवा लावत नाही.” मी जेवणावरून उठलो.

काल ठाण्यात जाऊन आलो. मागच्या खोलीतला संगणक काखोटीला मारून नेला. मोठ्या साहेबांपुढे ठेवला आणि सगळं ओकलो, साइटचं नाव, तारीख, सगळं. मला वाटलं बेड्या घालतील. त्यांनी चहा मागवला! माझं ऐकून झाल्यावर दार लोटून घेतलं आणि म्हणाले, “काका, वरून सगळं ठरून आलंय. परकी हात आणि आतली फितूर. त्यात तुमची फुकटची साइट मी कुठे बसवू? मुलीची कबुलीही आली आहे. घरी जा, छापखाना चालवा, हा विषय कोणाकडे काढू नका.” शिपायाने संगणक रिक्षापर्यंत आणून दिला.

रस्त्यात मला हसू आलं आणि मग भर चौकात रडू आलं. सुटलो होतो ना मी. पाहिजे होतं ते फुकटात मिळालं होतं. पण घरी आलो तर आई दारातच उभी, तिला काय सांगणार?

तेव्हा तूच ते कर. माझं ते पत्र अहवालाला जोड, माझ्या अक्षरातलं आहे. नावासकट सांग असं मीच लिहिलंय त्यात. तिथे ते कोणाला रिक्षात घालून परत पाठवता येणार नाही.

एक विचारू का? माझ्यामुळे खरंच ती यादी कोणा शत्रूच्या हाती लागली का?

खिळ्या

&nbsp;

बुधवार, ९ एप्रिल

खिळ्या,

जोडलं. अध्यक्षांनी सावकाश वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, “लिहिणारा तुमचा कोण?” मी म्हटलं, सख्खा धाकटा भाऊ. मग विचारलं, “हे तुमच्याकडे कधीपासून आहे?” तेही सांगितलं. पोलिसांतले सदस्य खिडकीबाहेर बघत होते. मग अध्यक्ष म्हणाले, “बाई, ती इथे बसली होती तेव्हा तुम्ही हे दाबून ठेवलं होतं.”

मला समितीतून काढलं आहे आणि माझी खातेचौकशी लागली आहे. योग्यच आहे ते. पण अध्यक्षांनी पत्र फेटाळलं नाही. साइटवर फाइल चढल्याची वेळ तुझ्या संगणकात आणि तिथल्या फोल्डरमध्ये जुळते का ते तपासायला लावलं, आणि ती जुळली. अहवालात आता तीन भाग आहेत, तिसऱ्यासकट. तिला काल जामीन मिळाला. तुला नोटीस येईल. वकील चांगला बघ आणि त्याच्यापुढे फुशारकी मारू नकोस.

तू विचारलंस त्याचं उत्तर. तो फोल्डर आता बंद करून घेतला आहे. त्याआधी तो कोणी कोणी उघडला, कोणी यादी उतरवून घेतली, हे कळायचा मार्ग नाही. शत्रूने पाहिली असेल, रिकामटेकड्याने पाहिली असेल, एकट्या त्या पत्रकारानेच पाहिली असेल. मला माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणणार नाही, आणि तुला शिक्षा म्हणून हो म्हणणार नाही.

ताई

&nbsp;

सोमवार, १४ एप्रिल

ताई,

नोटीस आली. छापखान्याला टाळं लागायचंय, चार दिवसांची मुदत आहे. कामगारांना सांगून झालं. एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, बाकीचे मान खाली घालून निघून गेले.

ती घरी आली आहे. पण कार्यालयाने तिला परत घेतलं नाही, कराराची मुदत संपली म्हणतात. पेपरात तिच्या अटकेची बातमी पहिल्या पानावर होती, जामिनाची आत कुठेतरी कोपऱ्यात. गल्लीत अजून तिला फितूरच म्हणतात. किराणावाला तिच्या आईशी बोलत नाही. आईच सांगत होती, ती रोज जाते तिकडे. मी एकदा गेलो. मुलगी दारात आली, मला पाहिलं आणि आत गेली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

तेव्हा टाळं लागण्याआधी एक शेवटचं काम करतोय. पत्रक छापतो आणि घरोघरच्या पेपरात घालतो. मजकूर असा :

“आपल्या गावची मतदार यादी परदेशी साइटवर माझ्याकडून चुकून गेली. नोंदणी कार्यालयातील ऑपरेटरचा त्यात काहीही दोष नाही. तिला झालेल्या त्रासाबद्दल मी तिची आणि तिच्या आईची माफी मागतो. छापखान्याचा मालक.”

प्रूफ सोबत आहे. नजर टाक आणि लगेच पाठव, वेळ नाही.

खिळ्या

&nbsp;

बुधवार, १६ एप्रिल

खिळ्या,

प्रूफ पाहिलं. हे पत्र आणि ते, दोन्ही माणसाबरोबर पाठवते आहे, टपालावर भरवसा नको.

यादी चुकून गेली हे खरं आहे, ते राहू दे. पण तिला त्रास झाला तो तिथून पुढे. त्याबद्दल पत्रकात एक अक्षर नाही. तुझ्या पहिल्या वाक्याखाली हे घाल : “हे कळल्यावरही ती कोठडीत असताना मी गप्प बसलो. तिची आई मदत मागायला आली, तिला मी दारातून घालवून दिलं.” लिहायला जड जाईल. मला आता पुढचं वाक्य लिहायला जातं आहे तितकंच.

त्याच्याखाली माझं घाल : “मला खरं माहीत होतं. ती माझ्यासमोर बसून न केलेला गुन्हा कबूल करत होती, तरी मी बोलले नाही. चौकशी समितीची माजी सदस्य, छापखान्याच्या मालकाची थोरली बहीण.”

माझं नावही पूर्ण छाप, आणि टाइप मोठा घे. त्या गल्लीत म्हातारी माणसं बरीच आहेत, त्यांना वाचता आलं पाहिजे.

ताई